फांदी धरणारा हात

डॉक्टरीणबाईंनी प्रश्न विचारला होता बायकोला आणि उत्तर देऊन मोकळा झाला तो. प्रश्न अगदी साधा होता. "काकू, हाताची ही थरथर साधारण कधीपासून आहे?" बायको छताकडे बघत आठवायला लागली, लेक रजेवर आली होती त्याच्या आधी महिनाभर असेल, की दोन महिने, असं स्वतःशीच चाचपडत होती, आणि "नाही का हो?" म्हणून ती त्याच्याकडे वळणार तोच हा बोलून गेला, "मागच्या वर्षी बावीस फेब्रुवारी. रविवार होता." वेळसुद्धा त्याच्या जिभेवर आली होती. सकाळचे सहा चाळीस. ती त्याने कशीबशी गिळली. डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता मान वर केली आणि कौतुकाने म्हणाल्या की लोकांना साल आठवत नाही, तुम्ही तारीख सांगताय, असे नातेवाईक मिळाले तर आमचं काम निम्मं होईल. त्याला क्षणभर बरं वाटलं, अगदी शाळेत शाबासकी मिळाल्यासारखं. मग त्याने बायकोकडे बघितलं. तिने मांडीवरच्या पिशवीचा बंद डाव्या हाताने सरळ केला, पुन्हा एकदा सरळ केला, आणि मग मान वळवली. तिच्या बघण्यात राग नव्हता. फाटलेल्या कोटाचं भोक नेमकं कुठून सुरू झालंय ते शोधताना ती जशी बघायची, तशी ती त्याच्याकडे बघत होती.

पुढची वीस मिनिटं तपासणीत गेली. अंगठ्यावर बोट आपटा, चालून दाखवा, वळा, काम काय करायचात ते सांगा, कागदावर एक ओळ लिहा. ओळ सुरू होताना अक्षरं वाटाण्याएवढी होती आणि शेवटाला मोहरीएवढी झाली. ते बघताना त्याच्या मनात आलं, बरोबर. दुसरं काहीच आलं नाही, फक्त बरोबर, आणि त्याची त्याला लाज वाटली, पण तीही अंमळ उशिरानेच. आजाराचं नाव डॉक्टरीणबाईंनी एकदाच घेतलं आणि लगेच गोळ्यांकडे वळल्या. म्हणाल्या, हा बरा होत नाही, पण ताब्यात राहतो. मग कागदावरच्या तारखेवर पेन टेकवून त्या सहज बोलल्या, "सोळा महिने म्हणजे बराच काळ गेला, काकू. तेव्हाच गोळ्या सुरू झाल्या असत्या तर तुमचं सुईचं काम अजून दोन-तीन वर्षं आरामात चाललं असतं." बायको म्हणाली की सुईचं काम सुटलंच, माझंच लक्ष लागेनासं झालं होतं. डॉक्टरीणबाई हसल्या. लक्षाचा इथे काही संबंधच नाही, म्हणाल्या, हात ऐकत नव्हता तो आजारामुळे. त्यावर बायको थोडी पुढे सरकून बसली आणि बाजारात भाव पक्का करून घ्यावा तसं तिने विचारलं, "म्हणजे मी निष्काळजी नव्हते?" "छे हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पुढच्या पेशंटसाठी घंटी दाबली.

बसथांब्यावर दोघं बाकावर बसली होती. मध्ये गोळ्यांची पिशवी. तिने ओरडावं, निदान चार लोकांत पाणउतारा करावा, असं त्याला मनापासून वाटत होतं, कारण ओरडणाऱ्या माणसाला काहीतरी उत्तर देता येतं. ती समोरच्या रस्त्यावर पाइप टाकणाऱ्या लोकांकडे बघत होती. त्याने मनातल्या मनात उत्तर तयार केलं. इंजेक्शनच्या सुया बनवणाऱ्या कारखान्यात तो तपासनीस होता, एकतीस वर्षं. सूक्ष्मदर्शकाखाली सुईचं टोक बघायचं, आकडा लिहायचा, पुढची सुई घ्यायची. नवशिक्या तपासनीस पहिला खराब नग दिसला की बोंब ठोकतो, मशीन बंद पडतं, आणि शेवटी निघते सुईवर चिकटलेली धूळ. मुरलेला माणूस असं करत नाही. तो लिहितो, पुन्हा मोजतो, तिसऱ्यांदा मोजतो, आकडे कुठल्या बाजूला सरकताहेत ते बघतो, आणि कल पक्का झाल्याशिवाय चकार शब्द काढत नाही. या गुणावर त्याला बढती मिळाली होती, पुढे निरोप समारंभात साहेब याच गुणाचं नाव घेणार होते. उत्तर चांगलं होतं. फक्त ते सुयांबद्दल होतं, हे बस येईपर्यंत त्याच्या लक्षात आलं नाही. आणि लक्षात आलं तेव्हा बसमध्ये ती पुढे बसली होती आणि तो मागे, आणि तिच्या उजव्या हाताने पुढच्या सीटचा दांडा पकडला होता. सिग्नलला बस थांबली की दांड्यावरची ती बोटं काय करतात ते तो बघत राहिला. रस्ता खराब होता, त्यामुळे नीट काही कळत नव्हतं.

छंद त्याचा, पण रविवार दोघांचे. कालव्यापलीकडच्या मोकळ्या माळावर दिवस उजाडता उजाडता पोचायचं. त्या वेळी पतंग, फुलपाखरं, चतुर, सगळे गवताच्या काड्यांना गारठून चिकटलेले असतात, पंखांवर दव, आणि ऊन अंगावर येईपर्यंत त्यांना उडता येत नाही. तेवढा अर्धा तास याचा. फोटो क्लबातले काही जण किडा डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवत, अर्धमेला झाला की टेबलावर काढून फोटो घेत. हा त्यांच्या नावाने नाक मुरडायचा. आपल्या प्रत्येक फोटोखाली तो ठसठशीत अक्षरात छापून घ्यायचा, 'जिवंत, मोकळा, न दुखावलेला'. इतक्या जवळून फोटो काढताना एका वेळी केसाएवढाच भाग स्पष्ट येतो, डोळा आला तर मिशा येत नाहीत. म्हणून कॅमेरा पट्टीवर कणाकणाने पुढे सरकवत पंचवीस-तीस फोटो घ्यायचे आणि घरी कॉम्प्युटरवर ते एकावर एक रचून एक करायचे. तोवर फांदी हलता कामा नये. चिमट्यात धरली तर पकडीचा हिसका फांदीभर जातो आणि किडा जागा होतो. हातात धरली तर होत नाही, पण असा हात कुणाचा असतो? बायकोचा होता. बावीस वर्षं ती कोपऱ्यावरच्या लाँड्रीत रफूचं काम करत होती, लोकरीच्या कोटातला एकेक धागा उचलून भोक असं बुजवायची की गिऱ्हाइकाला आपलं भोक सापडू नये. मनगट जमिनीत रोवलेल्या बेचक्यावर टेकवून, श्वास धरून ती मिनिटभर फांदी धरायची, आणि पतंगाला कळायचंसुद्धा नाही की आपलं झाड बदललंय. क्लबाचे म्हातारे मास्तर म्हणायचे, तुझ्या फोटोखाली निम्मी सही वहिनींची हवी. यावर तो मोठ्याने हसायचा आणि सही एकट्याचीच करायचा.

बावीस फेब्रुवारीला पतंग होता अंगठ्याच्या नखाएवढा, राखेच्या रंगाचा, मिशा बारीक कंगव्यासारख्या. अकराव्या फ्रेमला फांदी हलली. तो पुटपुटला, हलू नकोस. ती म्हणाली मी हललेच नाही. घरी येईपर्यंत त्यावरून धुसफूस चालली. मग जेवण झाल्यावर त्याने सव्वीस फोटो पडद्यावर मोठे करून एकापाठोपाठ एक बघितले आणि पतंगाचा डोळा कुठून कुठे सरकतो ते मोजलं. चार पिक्सेल. इकडे, तिकडे, पुन्हा इकडे. वारा असा शिस्तीत वाहत नाही. आणि गंमत अशी की त्याने जुळवणीचं बटण दाबलं तेव्हा कॉम्प्युटरने सव्वीसच्या सव्वीस फोटो सरकवून बरोबर एकावर एक बसवले, थरथर गेली आणि पतंग लखलखीत होऊन समोर आला, एकेक खवला मोजून घ्यावा असा. त्याला आनंद झाला. नुकसान काहीच नव्हतं. पुढच्या रविवारी पुन्हा चार. त्याच्या पुढच्या रविवारी सहा. मग त्याने एक तक्ता केला, तारीख आणि आकडा, आणि महिन्याभराने त्यावर एक रेघ काढली. ती रेघ वर चालली होती.

तिला सांगायचं तो तीनदा ठरवून बसला होता. एकदा तर स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला आणि मीठ मागून परत आला. आकडे थोडे आहेत, असं तो स्वतःला म्हणायचा. कल पक्का होऊ दे. पण खरं सांगायचं तर त्याला त्यात गोडी लागली होती. बाकीचे सगळे किडे एका सकाळपुरते हाती लागायचे, उडून गेले की संपलं. इथे दर रविवारी तेच बघायला मिळत होतं, त्याच अंतरावरून, आणि ते हळूहळू बदलत होतं. शिवाय तिला सांगितलं असतं तर ती दवाखान्यात गेली असती, आणि मग फांदी कुणी धरली असती? पतंग उडायच्या आधी बसल्या जागी पंख थरथरवतो, अंग तापवून घेतो. ती थरथर दिसली की हाताशी मिनिट-दीड मिनिट उरलं, हे त्याला अनुभवाने माहीत होतं, आणि तेवढ्यात तो घाईघाईने शेवटचे फोटो उरकून घ्यायचा. बायकोच्या बाबतीत त्याने हाच हिशेब केला. असे अजून किती रविवार मिळतील? त्याने अंदाज बांधला होता, साठ. तो अंदाज जवळजवळ बरोबर निघाला होता.

बस उतरून तिने कोपऱ्यावर पाव घेतला, दूध घेतलं. लाँड्रीवरून जावं लागत होतं. मालक काउंटरवर कपडे घड्या करत होता, त्याने मान खाली घातली. गेल्या नोव्हेंबरात एका गिऱ्हाइकाच्या निळ्या कोटाचा धागा चुकीचा ओढला गेला, बाहीवर सुरकुती बसली. पंधरा दिवसांत दुसरा कोट. मालक वाईट माणूस नव्हता, तो एवढंच म्हणाला की बाई, तुमचं मन थाऱ्यावर नाही, काही दिवस घरी बसा. ती भर दुपारी घरी आली आणि चपला पायातच ठेवून खुर्चीत बसून राहिली. त्याची सुट्टी होती, तो घरीच होता. "माझ्यात आळस भरलाय हो," ती म्हणाली, "हात कामाला लागतच नाहीत. मन मारून केलं तरी लागत नाहीत." त्याच्या तक्त्यात त्या आठवड्याचा आकडा अकरा होता. तो म्हणाला, लक्ष देऊन करायचं, आणि डोळे तपासून घे एकदा. तिने डोळे तपासले, नवा चष्मा केला. मग रोज दुपारी ती जुन्या पायपुसण्याला मुद्दाम भोक पाडायची आणि ते रफू करायची, उसवायची, पुन्हा रफू करायची, परीक्षेत नापास झालेल्या मुलीसारखी. एका दुपारी दारातून त्याने बघितलं. तिने सुई खाली ठेवली आणि डाव्या हाताने उजव्या हाताला फाडकन मारलं. एकदा, आणि मग दुसऱ्यांदा. आवाज झाला. तो पाय न वाजवता मागे फिरला आणि त्याने कॅमेऱ्याची बॅटरी चार्जिंगला लावली.

काम सुटल्यावर ती रविवारी त्याच्याही आधी उठून तयार व्हायला लागली. इथे तरी उपयोगी पडते, असं म्हणाली होती. मार्चमध्ये त्यांना माळावर एक कोष सापडला, बोराएवढा नव्हे, चांगला लिंबाएवढा, आणि समोरच फुटला. आतून ओला, बोळा झालेला पतंग बाहेर आला. अशा वेळी त्याला काडीला उलटं लटकून स्वस्थ राहावं लागतं, तासभर. पंखांत पाणी उतरतं, ते उलगडतात, मग वाळतात. त्याने काडी कापून तिच्या हातात दिली. तिच्या हातातल्या काडीवरून पतंग दोनदा सुटून गवतात पडला. त्याने तो दोनदा उचलून काडीला लावला, कारण पहिल्या पंचवीस फोटोंत डोळ्यावर सावली येत होती. तिसऱ्यांदा पंख वाळले ते चुरगळलेलेच वाळले. "तुझ्या हातामुळे," तो म्हणाला. असं तो म्हणाला होता, हे त्याला बसमध्ये आठवलं नव्हतं, ते आत्ता जिना चढताना आठवलं. तिने विचारलं, हा उडेल ना आता? तो म्हणाला, उडेल. तिने तो घरी आणून बुटांच्या खोक्यात पानांवर ठेवला. पाच दिवस तो खोक्यात पंख ओढत फिरत होता, सहाव्या दिवशी नव्हता फिरत. तो फोटो क्लबाच्या प्रदर्शनात पहिला आला, 'जन्म' नावाने. खाली छापलेलं होतंच, न दुखावलेला. लोक म्हणाले, काय तो जिवाचा आटापिटा, अंगावर काटा आला. त्यानंतर त्याने रबराच्या पकडीचा चिमटा आणला आणि क्लबात सगळ्यांदेखत सांगितलं, हिची बदली झाली. सगळे हसले, तीही हसली. तीन रविवार चिमट्यावर गेले. फोटो बरे येत होते, पण तक्त्यात तीन घरं रिकामी राहिली आणि ती त्याच्या डोळ्यांत खुपायला लागली. चौथ्या रविवारी त्याने फांदी पुन्हा तिच्या हातात दिली, म्हणाला, तुझी सवय मोडायला नको. ती इतकी खूश झाली की पुढच्या खेपेला थर्मासमध्ये चहा घेऊन आली.

आणि लेक. लेक रजेवर आली त्या पहिल्याच संध्याकाळी आईने तिच्यापुढे कप ठेवला आणि बशी वाजली. लेकीने बापाला बाल्कनीत गाठून विचारलं, बाबा, आईचा हात बघितलात का? त्याने सांगितलं, थकली असेल. लेकीनेच दवाखान्याची वेळ ठरवली आणि जाताना बजावून गेली की टाळाटाळ करू नका. एका संध्याकाळी, चष्म्याशिवाय, एका कपावरून तिला जे दिसलं ते दिसायला कॅमेरा लागत नव्हता, याचा त्याला मनातून थोडा रागच आला होता.

घरात आल्यावर तिने दूध तापत ठेवलं, गोळ्या टेबलावर मांडल्या, सकाळच्या, दुपारच्या, रात्रीच्या. दुपार टळत आली होती. मग ती त्याच्या खोलीत आली, एरवी केर काढण्यापुरतीच ती तिथे यायची, आणि स्टूल ओढून कॉम्प्युटरसमोर बसली.

"दाखवा," ती म्हणाली.

काय, असं त्याने विचारलं नाही. त्याने बावीस फेब्रुवारी उघडलं. सव्वीस फोटो, जुळवणी न केलेले, एकामागून एक भराभर फिरवले, आणि राखी पतंग काडीवर नाचायला लागला. खालच्या कोपऱ्यात तिच्या अंगठ्याचं नख होतं, धूसर, तेही नाचत होतं. तिने ते पुन्हा बघितलं. मग तिने तक्ता बघितला आणि ही वर जाणारी रेघ कसली म्हणून विचारलं. तो सांगायला लागला. आकडा कसा काढायचा, पतंगाचा डोळाच का धरायचा, वाऱ्याचं हलणं त्यातून वेगळं कसं करायचं, मधे एप्रिल-मेमध्ये थोडा उतार दिसतो तो उन्हाळ्यामुळे असावा. सांगता सांगता त्याचा आवाज चढला, हात हलायला लागले, इतक्या वर्षांत आपल्या कामात तिने एवढं लक्ष घातल्याचं त्याला आठवत नव्हतं. मग रेघ तुटली होती तिथे तिने बोट ठेवलं.

"इथे चिमटा होता."

"हो."

"लाँड्रीतून मी परत आले, तो दिवस कुठला?"

त्याने बाण त्या ठिकाणी नेला. अकरा.

"त्या दिवशी तुम्हाला माहीत होतं."

"हो," तो म्हणाला. आकडे थोडे होते, पक्कं होईपर्यंत सांगण्यात अर्थ नसतो, आमच्याकडे तशी पद्धतच आहे, असं काहीबाही तो बोलत राहिला, आणि बोलताना त्याच्या लक्षात येत होतं की हे उत्तर आपण बसथांब्यावर तयार केलेलं आहे आणि आता ते थांबवता येत नाही.

"मी माझ्या हाताला मारत होते," ती म्हणाली. "शिव्या द्यायचे त्याला."

त्याला हेही माहीत होतं, पण ते त्याने सांगितलं नाही. आत दूध उतू गेल्याचा वास आला. दोघांपैकी कुणी उठलं नाही. आता तरी ती रडेल, नाहीतर उठून लेकीला फोन लावेल, पिशवी भरेल, असं काहीतरी करेल की ज्यानंतर घरातली ही शांतता मोडेल, म्हणून तो वाट बघत राहिला. तिने यातलं काही केलं नाही. तिने उजवा हात टेबलावर ठेवला, कीबोर्डच्या शेजारी, तळवा खाली, बोटं सैल सोडून. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत होती, गोळी वळल्यासारखी.

"आज किती आहे?" तिने विचारलं.

हा हात धरायचा असतो, हे त्याला समजत होतं. एवढं न समजण्याइतका तो दगड नव्हता. आपला हात उचलायचा आणि त्यावर ठेवायचा, वीतभर अंतर, बस, बाकी काही बोलायची गरज नाही, आणि ती त्यासाठीच थांबली आहे, बावीस वर्षं रफू केलेल्या बाईच्या चिवटपणाने अजूनही थांबली आहे. तो पुढे वाकला. बोटं एका ठेक्यात हलत होती, सेकंदाला चार वेळा, कदाचित पाच, पण तिची बाजू सावलीत होती.

"जरा उजेडात घे," तो म्हणाला.

तिने घेतला.